एचपीव्ही टेस्ट पहिल्यांदाच करताय? अपॉइंटमेंटपासून रिपोर्ट हातात पडल्यावर पुढे काय, इथपर्यंत सगळं

डॉक्टर मला म्हणाल्या, "पस्तिशी ओलांडली ना, एकदा एचपीव्ही करून घ्या," आणि मी मान डोलावून बाहेर आले. काय करतात, आधी काय पाळायचं, रिपोर्ट कधी येतो, काही म्हणजे काही विचारलं नाही. मग पहिला नमुना फुकट गेला, दुसऱ्याचा रिपोर्ट पाच आठवडे तिकडेच पडून राहिला, आणि हातात आला तेव्हा त्यावरचा एक शब्द वाचून दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी निघालं काय तर आपोआप बरा होणारा किरकोळ बदल. यातला निम्मा त्रास कुणी आधी दहा मिनिटं समोर बसवून सांगितलं असतं तर झालाच नसता, म्हणून हे लिहायला घेतलं. मी डॉक्टर नाही, फक्त या सगळ्यातून एकदा पूर्ण जाऊन आलेली बाई आहे, तेव्हा औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

एक आधीच सांगून ठेवते. टेस्ट पाच मिनिटांची आहे आणि सोपी आहे, घाबरायचं काम तिथे नाही. गोंधळ होतो तो सगळा त्याच्या आधी आणि नंतर.

आधी थोडं: नक्की शोधतात काय?

गर्भाशयाच्या पिशवीचं खालचं तोंड, जे योनीमार्गात उघडतं, ते गर्भाशयमुख. तिथला कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरसमुळे होतो, आणि हा संबंध शोधून काढणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ चं नोबेल मिळालं. या व्हायरसचे २०० च्या वर प्रकार आहेत, पण त्यातले साधारण चौदाच 'हाय रिस्क', आणि त्यातही १६ नंबर आणि १८ नंबर हे दोघे मिळून या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के केसेसना जबाबदार. त्या जागी चामखिळी आणणारे ६ आणि ११ नंबर वेगळे, त्यांच्यामुळे हा कॅन्सर होत नाही आणि स्क्रीनिंगची, म्हणजे त्रास नसताना करायची, टेस्ट त्यांना शोधतही नाही.

आता हे नीट वाचा, कारण पुढच्या सगळ्याचा पाया हाच आहे. संबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना, बायकांना आणि पुरुषांनाही, हा व्हायरस आयुष्यात कधी ना कधी चिकटतो, कळतही नाही, आणि बहुतेकांचं शरीर दोनेक वर्षांत त्याला आपोआप घालवून टाकतं. थोड्याजणींमध्ये तो मुक्काम ठोकतो. मग पेशी हळूहळू बदलायला लागतात आणि त्या बदलाचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात, प्रतिकारशक्ती कमी असेल तर ५ ते १०. एवढा मोठा काळ आपल्या हातात असतो, आणि त्या काळात काहीही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून "मला काही त्रासच नाही तर कशाला तपासू" हे म्हणणं इथे उलटं पडतं, त्रास नसतानाच करायची टेस्ट आहे ही.

१. तुमची वेळ झाली का ते बघा

देशादेशात नियम वेगळे आहेत, कुठे २१ ला पॅपने (गर्भाशयमुखाच्या पेशी तपासायची टेस्ट, खाली सांगते) सुरुवात करतात, कुठे २५ ला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ३० व्या वर्षापासून एचपीव्ही टेस्ट करा आणि निगेटिव्ह आली तर दर ५ ते १० वर्षांनी परत. एचआयव्ही असलेल्या बायकांनी २५ पासून, आणि दर ३ ते ५ वर्षांनी. अवयव बदललेला असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, तुमचं वेळापत्रक वेगळं असू शकतं.

विशीतल्या मुलींना एचपीव्ही टेस्ट सहसा करायला का सांगत नाहीत असं मला वाटायचं. कारण त्या वयात व्हायरस सापडण्याची शक्यता खूप आणि तो आपोआप जाण्याची शक्यताही खूप, म्हणजे टेस्ट केली तर नुसता घोर लागतो आणि नको ती कापाकापी होते.

या टप्प्यावर हमखास होणाऱ्या गैरसमजुती:

"मी लस घेतलीय." छान, पण तरी टेस्ट करायची. लस सगळ्या हाय रिस्क प्रकारांवर चालत नाही आणि आधीच आत असलेला व्हायरस ती घालवत नाही.

"माझी पाळी गेली." तरी करायची. ६५ च्या आसपास थांबवतात बऱ्याच ठिकाणी, पण तेही आधीच्या टेस्ट वेळच्या वेळी झालेल्या आणि नॉर्मल असतील तरच. कधीच केली नसेल तर ६५ ओलांडल्यावरसुद्धा विचारा.

"माझी पिशवी काढलीय." इथे एक प्रश्न विचारायचाच, तोंडासकट काढली की नुसती वरची? गर्भाशयमुख ठेवलं असेल तर टेस्ट चालू ठेवायची. सगळं काढलंय आणि त्याआधी पेशींमध्ये काही गडबड निघालेली नसेल तर बहुतेक वेळा लागत नाही. माझ्या ताईला स्वतःलाच माहीत नव्हतं काय काढलं ते, जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून डॉक्टरांना दाखवलं तेव्हा कळलं की तोंड अजून आहे.

"एकाच माणसाशी संबंध आहेत, तेही लग्नानंतर." व्हायरसला एकच माणूस पुरतो. तरी करायची.

आणि हे वेगळं: संबंधानंतर रक्त जातंय, दोन पाळ्यांच्या मधेच लाल दिसतंय, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग पडलाय, अंगावरून वास येणारं पाणी जातंय, तर स्क्रीनिंगची वाट बघत बसू नका. सरळ डॉक्टरकडे जाऊन आतून तपासून घ्या, गेल्याच वर्षीचा रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी.

२. कुठली टेस्ट होणार आहे ते स्पष्ट विचारा

मी जिला तिला विचारायचे तर प्रत्येकजण "पॅप केली" म्हणायची, आणि निम्म्याजणींची पॅप नसायचीच. तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

एचपीव्ही टेस्ट: ब्रशने घेतलेल्या नमुन्यात व्हायरसचा डीएनए (काही टेस्टमध्ये आरएनए) आहे का ते मशीन बघतं. पेशी बिघडल्यात का ते ही टेस्ट सांगत नाही.

पॅप टेस्ट: जॉर्ज पापानिकोलाऊ या डॉक्टरच्या नावावरून पॅप. यात पेशी मायक्रोस्कोपखाली माणूस बघतो. जुन्या पद्धतीत काचेच्या स्लाईडवर फासतात, नव्या पद्धतीत ब्रश एका द्रवाच्या डबीत खळबळवतात, तिला एलबीसी म्हणतात. एलबीसीचा फायदा असा की बऱ्याचदा त्याच डबीतून एचपीव्हीपण करता येते, परत जायला लागत नाही.

व्हीआयए: गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड म्हणजे साधारण व्हिनेगरसारखं पाणी लावतात आणि मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघतात. लगेच उत्तर मिळतं, मशीन लागत नाही, पण बघणाऱ्याच्या नजरेवर सगळं अवलंबून, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये तपासायचा भाग आत सरकलेला असतो म्हणून तिथे फारसा उपयोग होत नाही.

एकटी एचपीव्ही टेस्ट पॅपपेक्षा जास्त केसेस पकडते, आणि निगेटिव्ह आली तर पुढची बरीच वर्षं निर्धास्त राहता येतं. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१७ मध्ये दर दोन वर्षांची पॅप बंद करून दर पाच वर्षांची एचपीव्ही टेस्ट आणली ती याच हिशोबाने. त्यामुळे "पाच वर्षांनी या" असं म्हणाले तर टाळताहेत असं वाटून घेऊ नका. दोन्ही एकत्र केल्या की त्याला को-टेस्ट म्हणतात. माझं मत विचाराल तर एकच निवडायची असेल आणि वय ३० च्या वर असेल तर एचपीव्ही.

स्वतः नमुना घेण्याचीही सोय बऱ्याच ठिकाणी आहे, त्याबद्दल नक्की विचारा, लाजेपायी किंवा भीतीपायी वर्षानुवर्षं टाळणाऱ्यांसाठी तर ती फारच सोयीची. लांब कापसाच्या काडीसारखा स्वॅब किंवा मऊ ब्रश असतो, तो योनीमार्गात घालून सांगितलंय तेवढा वेळ फिरवायचा आणि नळीत टाकायचा, गर्भाशयमुखापर्यंत पोचायची गरज नसते. पीसीआर पद्धतीच्या टेस्टवर याचं उत्तर डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तितकंच भरवशाचं येतं. फक्त लक्षात ठेवा की या नमुन्यावर पॅप होत नाही, म्हणजे पॉझिटिव्ह आलं तर पुढच्या तपासणीला जायला लागणारच.

३. तारीख आणि आधीचे दोन दिवस

माझा पहिला नमुना इथे गेला. बुरशीच्या खाजेसाठी मी रात्री योनीत ठेवायच्या गोळ्या वापरत होते, शेवटची गोळी ठेवून दोन दिवसपण झाले नव्हते, आणि मला वाटलं त्याचा याच्याशी काय संबंध, म्हणून सांगितलंच नाही. रिपोर्ट आला "अनसॅटिस्फॅक्टरी", म्हणजे नमुना तपासण्यालायक नाही. मी ते वाचून घाबरले की काहीतरी वाईट दिसतंय. तसं काही नसतं, फक्त परत द्यायचा.

तर हे पाळा:
पाळी चालू असताना जाऊ नका, पाळी संपून तीन-चार दिवसांनंतरची तारीख घ्या. हलका डाग असला तर फोन करून विचारा, काही ठिकाणी चालतं.
४८ तास आधीपासून योनीत ठेवायच्या गोळ्या, क्रीम, जेल, शुक्राणूनाशक काही नको.
४८ तास संबंध नको.
आत पाणी मारून धुणं नको. ते तसंही कधीच करू नये, आतली जागा स्वतःला स्वच्छ ठेवते.
इन्फेक्शनचा जोर असेल, खूप खाज किंवा पांढरं जात असेल तर आधी ते बरं करून घ्या.

गरोदर असाल तर सांगा. टेस्ट गरोदरपणात करता येते पण कधी करायची ते डॉक्टर ठरवतील. बाळंतपण झाल्या झाल्या मात्र नको, दीडेक महिना तरी जाऊ द्यावा लागतो. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असतील आणि आत कोरडं पडून दुखत असेल तर तेही आधी सांगा, डॉक्टर काही आठवडे लावायला हार्मोनचं क्रीम देतात आणि मग तपासणी सोपी जाते.

४. बरोबर काय न्यायचं

ओळखपत्र आणि विमा असेल तर त्याचे कागद.
जुने पॅप, एचपीव्ही, बायोप्सीचे (छोटा तुकडा काढून करतात ती तपासणी) जे असतील ते रिपोर्ट. मूळ नसले तर फोटो चालतात.
पिशवीचं किंवा गर्भाशयमुखाचं आधी काही ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड.
शेवटच्या पाळीची तारीख. ही विचारतातच आणि तिथे उभं राहून आपल्याला आठवत नाही.
चालू औषधांची यादी, रक्त पातळ करणारी असतील तर ती आवर्जून.
एचपीव्ही लस घेतली असेल तर किती डोस आणि कधी.
एक पॅड, कारण नंतर थोडा डाग पडू शकतो.

कपडे असे घाला की फक्त खालचे काढून चालेल, लांब कुर्ता किंवा साडी असेल तर वरचं तसंच राहतं आणि उघडं उघडं वाटत नाही. मी जीन्स आणि टीशर्ट घालून गेले होते, चादर सावरता सावरता नाकी नऊ.

५. टेबलावर काय होतं

आत जायच्या आधी लघवीला जाऊन या. मग टेबलावर झोपायचं, गुडघे दुमडून पाय बाजूला. "थोडं खाली सरका," असं म्हणतील. तुम्ही सरकाल. "अजून थोडं." परत सरकाल. टेबल संपलं आता पडणार असं वाटेल तेव्हा म्हणतील "हां, बास." सगळ्यांचं असंच होतं.

मग स्पेक्युलम. बदकाच्या चोचीसारखं साधन असतं, प्लॅस्टिकचं किंवा स्टीलचं, ते आत घालून हळूच उघडतात. प्लॅस्टिकचं असेल तर कट-कट असा आवाज येतो, मला कुणी सांगितलं नव्हतं, मला वाटलं काहीतरी मोडलं. स्टीलचं थंड लागतं, कोमट पाण्याखाली धरायला सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. या वेळी कमरेखालचं अंग आवळलं की दुखतं. सैल सोडा असं सांगून सैल सुटत नाही हे मला माहितीय, मला नर्सबाईंनी सांगितलेली युक्ती कामाला आली: दोन्ही मुठी कमरेखाली घाला, पायाची बोटं हलवत राहा आणि तोंडाने लांब श्वास सोडा. लक्ष बोटांकडे गेलं की खालचं आपोआप ढिलं पडतं.

मग ब्रश. गर्भाशयमुखावर काही वेळा गोल फिरवतात, किंचित खरवडल्यासारखं किंवा पाळीच्या कळेसारखं वाटतं, आणि झालं. मी मनात मोजलं तर बावीसपर्यंत पोचले होते.

तिथे बोलायला लाजू नका. लहान साइजचा स्पेक्युलम मागता येतो. बाई डॉक्टर हवी, सोबत कुणी बसायला हवं, हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगून ठेवता येतं. दुखलं तर "थांबा" म्हणा, थांबतात. आधी कधी कुणी जबरदस्ती केली असेल, किंवा आत काही घालायचं म्हटलं की अंग आखडत असेल, तर आधी एवढंच सांगितलं तरी पुरतं, "मला ही तपासणी अवघड जाते." कारण सांगायची सक्ती नाही.

निघताना डबीवरचं किंवा स्लाईडवरचं नाव आणि जन्मतारीख स्वतः वाचून बघा. एवढं जरूर करा.

६. रिपोर्ट मागून घ्या, वाट बघत बसू नका

माझं हे दुसरं चुकलं. "काही असेल तर आम्ही फोन करू," असं सांगितलं होतं. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चालले. पाच आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी गेले तर काउंटरवरच्या मुलीने गठ्ठ्यातून पाकीट काढून दिलं, "मॅडम तुमचा हा रिपोर्ट राहिलाय." पाकिटावर तारीख महिन्यापूर्वीची, आणि आत लिहिलेलं "डिटेक्टेड".

म्हणून नमुना देतानाच तीन गोष्टी विचारून मोबाईलमध्ये लिहून घ्या: रिपोर्ट किती दिवसांत येणार, कुठे मिळणार, आणि तो बघून पुढचं कोण सांगणार. त्या तारखेचा अलार्म लावा, आणि पॉझिटिव्ह असो निगेटिव्ह असो, कागद हातात आल्याशिवाय टेस्ट झाली असं समजू नका.

७. रिपोर्ट वाचायचा कसा

तिथेच दारात उभं राहून मी ताईला फोन लावला. "ताई, डिटेक्टेड म्हणजे सापडलं ना गं?" ती म्हणाली, "काय सापडलं ते आधी पूर्ण वाच." मी वाचलंच नव्हतं. खाली लिहिलं होतं, "१६: नॉट डिटेक्टेड, १८: नॉट डिटेक्टेड, अदर हाय रिस्क: डिटेक्टेड."

एचपीव्हीच्या रिपोर्टमध्ये साधारण या चारपैकी एक असतं.

नॉट डिटेक्टेड किंवा निगेटिव्ह: हाय रिस्क व्हायरस सापडला नाही. पुढची तारीख विचारा आणि घरी जा.

१६ किंवा १८ डिटेक्टेड: हे दोन जास्त खोडकर, त्यामुळे पॅप नॉर्मल असली तरी बहुतेक ठिकाणी थेट कोल्पोस्कोपीला (दुर्बिणीने गर्भाशयमुख बघायची तपासणी) पाठवतात. कॅन्सर झालाय असा याचा अर्थ नाही, पण ढकलायचंही नाही.

अदर हाय रिस्क डिटेक्टेड: बाकीच्या डझनभरांपैकी कुठलातरी आहे. आधी पॅप किंवा दुसरी एखादी तपासणी करून पेशी बघतात. त्या नॉर्मल असतील तर वर्ष-दोन वर्षांनी परत एचपीव्ही टेस्ट, नसतील तर कोल्पोस्कोपी.

इनव्हॅलिड: मशीनला उत्तर देता आलं नाही. परत नमुना.

पॅपच्या रिपोर्टची भाषा अजून भयंकर. एनआयएलएम म्हणजे नॉर्मल, हे सगळ्यात आधी शोधा. अ‍ॅस्कस म्हणजे पेशी जरा वेगळ्या दिसताहेत पण ठामपणे काही सांगता येत नाही, साध्या सुजेमुळेही येतं. एलएसआयएल म्हणजे हलका बदल, बहुतेकदा व्हायरसचाच ताजा परिणाम. एचएसआयएल आणि अ‍ॅस्क-एच म्हणजे जास्त बदल किंवा त्याचा संशय, इथे कोल्पोस्कोपी लवकर करून घ्यायची. एजीसी म्हणजे आतल्या बाजूच्या ग्रंथींच्या पेशी वेगळ्या दिसल्या, हे दिसायला कमी येतं पण आलं तर अजिबात हलक्यात घेऊ नका. "इन्फ्लमेटरी स्मिअर" असंही बऱ्याचदा लिहितात, त्यात सूज आहे एवढंच, कॅन्सरचा त्यात काही संबंध नाही.

माझी पॅप आली अ‍ॅस्कस. एचपीव्ही पॉझिटिव्ह अधिक अ‍ॅस्कस, म्हणून कोल्पोस्कोपी.

रात्री मोबाईल घेऊन शोधत बसू नका. मी बसले होते, त्यात व्हायरस सात दिवसांत घालवणाऱ्या गोळ्या आणि काढेही सापडले. एचपीव्हीचा व्हायरस मारणारं औषध नाही, त्याने केलेल्या बदलांवर उपचार आहेत, व्हायरसला शरीरच घालवतं. पैसे वाचवा. सिगरेट-तंबाखू असेल तर ती मात्र सोडा, तंबाखूमुळे व्हायरस टिकून राहायला मदत होते हे खरं आहे.

८. कोल्पोस्कोपी आणि बायोप्सी

नाव मोठं आहे, प्रत्यक्षात कोल्पोस्कोप म्हणजे बाहेर उभी असलेली दुर्बीण, ती अंगात घालत नाहीत. स्पेक्युलम तोच, टेबल तेच, वेळ फक्त १०-१५ मिनिटं. गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावतात, थोडं चुरचुरतं, बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. मग आयोडीन लावतात, चांगला भाग गडद तपकिरी होतो आणि संशयाचा भाग पिवळा राहतो. समोर स्क्रीन असेल तर बघा, मी बघितलं, एका कडेला नखाएवढा पांढरट डाग होता आणि का कुणास ठाऊक, तो डोळ्याने दिसल्यावर मला हलकं वाटलं, एवढाच आहे म्हटलं.

शंका वाटली तर तिथूनच दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा काढतात. डॉक्टर म्हणाल्या "खोका," मी खोकले, तेवढ्यात चिमटा बसल्यासारखं झालं. नंतर दोन-चार दिवस थोडं रक्त आणि काळपट, चुऱ्यासारखं जातं, रक्त थांबवायला जे औषध लावतात त्याचा तो रंग, घाबरू नका. पॅड भरून रक्त जायला लागलं, ताप आला किंवा घाण वास यायला लागला तर मात्र लगेच फोन. किती दिवस संबंध आणि टॅम्पॉन टाळायचे ते विचारून घ्या.

बायोप्सीत सीआयएन १, २, ३ असे आकडे येतात. हे कॅन्सरचे स्टेज नाहीत! ही कॅन्सरच्या आधीची पायरी आहे. सीआयएन १ बहुतेकदा आपोआप जातं, त्यावर नजर ठेवतात. सीआयएन २ ला बहुतेकदा उपचार करतात, अजून मुलं व्हायची असतील तर कधी कधी वाट बघतात. सीआयएन ३ ला उपचार करायचेच, कारण तसंच सोडलं तर ३० वर्षांत साधारण ३० टक्के बायकांमध्ये त्याचा कॅन्सर होतो. उपचार म्हणजे तो भाग गोठवणं, उष्णतेने जाळणं, किंवा विजेच्या बारीक तारेच्या वेटोळ्याने काढून टाकणं, त्याला लीप किंवा एलएलईटीझेड म्हणतात. बऱ्याचदा जागेवर भूल देऊन होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. पुढे मूल हवं असेल तर हे आधी सांगा, कारण जास्त भाग काढला तर बाळंतपण दिवसांआधी होण्याचा धोका थोडा वाढतो आणि डॉक्टर त्या हिशोबाने काढतात. आणि सरळ पिशवीच काढून टाका असं कुणी सीआयएन १ वर सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

माझं सीआयएन १ निघालं. काही केलं नाही, वर्षाने परत बोलावलं.

९. घरात काय सांगायचं

नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "हा आला कुठून?" आणि आवाजात जो सूर होता तो मला कळला. मलाही त्याच्याबद्दल तोच प्रश्न पडला होता, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की व्हायरस अंगात वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो, कधी आला आणि कुणाकडून आला हे कुठलीही टेस्ट सांगू शकत नाही, त्यामुळे या कागदावरून कुणाच्या वागण्याचा हिशोब मांडता येत नाही. पुरुषांसाठी अशी नेहमीची टेस्ट नाही, तेव्हा "तूही करून घे" याला अर्थ नाही. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, कारण हा कातडीला कातडी लागून पसरतो. जेवणाची भांडी, टॉवेल, टॉयलेट वेगळं करायची काही गरज नसते, आमच्याकडे एक नातेवाईक ते सुचवून गेल्या.

मुलगी असेल तर तिच्या लसीचं याच निमित्ताने विचारून टाका. ९ ते १४ हे वय सगळ्यात चांगलं, व्हायरसशी गाठ पडायच्या आधी.

१०. पुढची तारीख

निगेटिव्ह आलेल्यांनी रिपोर्टचा फोटो काढून ठेवा आणि पुढचं वर्ष कॅलेंडरमध्ये टाका. पाच वर्षांत डॉक्टर बदलतात, घर बदलतं, फोन बदलतो, म्हणून मी फोटो स्वतःला ईमेलपण करून ठेवलाय. ज्यांचा उपचार झालाय त्यांना बहुतेक सहा ते बारा महिन्यांनी परत एचपीव्ही टेस्ट सांगतात आणि पुढेही बरीच वर्षं लक्ष ठेवावं लागतं, "आता काढून टाकलं ना" म्हणून ती तारीख सोडणाऱ्या खूप आहेत.

मी वर्षाने गेले. या वेळी कुर्ता, पाळी संपून पाचवा दिवस, गोळ्या-क्रीम काही नाही, फाइल हातात. रिपोर्टच्या तारखेला सकाळी मीच फोन केला. "नॉट डिटेक्टेड, तिन्ही." मी ताईला कळवलं तर ती म्हणाली, "माझी तारीख घेतलीस का?" तिची पुढच्या मंगळवारची मिळालीय, डिस्चार्ज कार्डाचा फोटो मी तिला आत्ताच पाठवून ठेवलाय.